बिब्ब्याचं बोट

कडूबाईच्या घरात नवरा-बायकोचं बोलणं बंद होतं आणि जे काही चालायचं ते म्हशीमार्फत. ही थट्टा नव्हे. चंद्रभान जेवायला बसला आणि भाजी खारट लागली की तो गोठ्याकडं तोंड करून म्हणायचा, "काय गं म्हशे, आज मिठाचं पोतं सांडलं का काय?" कडूबाई चुलीपुढून हलायची नाही. ती पण म्हशीलाच सांगायची, "ज्याला खायचंय त्यानं खावं, न्हाई त्यानं उठावं." म्हैस रवंथ करत दोघांचं ऐकून घ्यायची. त्या दावणीला तीन म्हशी येऊन गेल्या, पण या दोघांचं बोलणं काही सुरू झालं नाही.

गाव चुडावा स्टेशनापासून बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर. नाव सांगण्यात हशील नाही. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि बघता बघता गावंच्या गावं पिसाळली. त्या दिवसांत जे इथं झालं ते इतरही ठिकाणी झालं, आणि आपलं नाव कुणी घेऊ नये असं ज्याला त्याला वाटतं. तर एका दिवेलागणीला चंद्रभान घाईघाईनं घरात आला आणि चुलीमागचा रॉकेलचा डबा उचलला. कडूबाईनं विचारलं, "कुठं न्यायलात?" तो म्हणाला, "तू चूल बघ." त्या रात्री बौद्धवाड्यातली चार घरं जळाली. त्यातलं एक सरजाबाईचं होतं.

सरजाबाई आणि कडूबाई या एका गावच्या लेकी, सेलूकडच्या. लहानपणी एका झाडाच्या चिंचा झोडलेल्या. पुढं दोघी एकाच गावात सून म्हणून आल्या, पण एक मळेवाल्याच्या घरात आणि दुसरी त्याच मळ्यात खुरपायला. मग अगंतुगं गेलं आणि "कडूआक्का, तुमी" आलं. तरी खुरपणीच्या दुपारी बांधावर बसून दोघींच्या माहेरच्या गोष्टी निघायच्या. जाळपोळीनंतर सरजाबाईनं चंद्रभानच्या शेतात पाऊल टाकलं नाही. पोलीस आले, विचारून गेले. गाव म्हणालं, आम्हाला काही ठाऊक नाही.

सकाळी रॉकेलचा डबा रिकामा होऊन परत आला. तो बघून कडूबाईनं तोंड मिटलं ते मिटलंच. आधीची तीन भावंडं पाळण्यात गेली म्हणून आईनं तिचं नाव कडू ठेवलेलं. असल्या नावाला यम तोंड लावत नाही म्हणतात. यमानं ते नाव मानलं आणि पुढं बाईनंही मनावर घेतलं. कुणाशी गोड बोलणं तिला जमायचंच नाही. पण या अबोल्याचा तिला मनातून ताठा होता. रोज भाकर थापताना, रोज पाण्याचा तांब्या पुढं सरकवताना तिला वाटायचं, साऱ्या गावात सरजाच्या बाजूचं एक तरी माणूस आहे, आणि ते आपण आहोत. दोन्ही लेकी दिल्या घरी गेल्या होत्या. घरात ही दोघं, आणि मेंढरं राखणारा येडबा तेवढा येऊन-जाऊन असायचा.

पंच्याऐंशी साली चंद्रभान झिजायला लागला. आडदांड गडी, पण सदरा अंगावर लोंबायला लागला. रांजणाशी उभा राहून तांब्यावर तांब्या पाणी प्यायचा आणि घटकेघटकेला गोठ्यामागं जायचा. एका सकाळी कडूबाई शेण उचलायला गेली, तर तो जिथं लघवीला बसायचा तिथं मुंगळ्यांची रांग लागलेली. तिच्या आज्याचं असंच झालं होतं. तिनं येडबाला हाक मारली. "त्यायला सांग, मुंगळे लागायलेत. परभणीला जावा." येडबानं सांगितलं. चंद्रभान म्हणाला, "मुंगळे बी तिनंच बोलावले असतील."

परभणीच्या डॉक्टरनं रक्त काढायला सुई हातात घेतली आणि चंद्रभानचे डोळे पांढरे झाले. जळत्या घरापुढं उभा राहिलेला माणूस, पण सुईपुढं घामाघूम होऊन बाकड्यावरून खाली आला. दोन माणसांनी धरून कसंबसं रक्त काढलं. साखर लय वाढलेली होती. परत सुई टोचून घ्यायला येणार नाही, असं त्यानं तिथंच बजावलं. डॉक्टर वैतागला आणि कडूबाईकडं वळला. त्यानं तिला निळ्या औषधाची बाटली दिली, काचेची नळी दिली, ती धरायला चिमटा दिला. चमचाभर निळं औषध नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळी आणायची. निळं राहिलं तर ठीक. हिरवं झालं तर साखर आहे. पिवळं, नारिंगी होत गेलं तर वाढते आहे, आणि विटेसारखं लाल झालं तर गाडी जुंपून थेट इकडं यायचं. सोबत गोळ्या दिल्या आणि गोडधोड बंद केलं. पायाला जखम होऊ देऊ नका म्हणाला, या रोगात जखम कळत नाही आणि भरतही नाही. "पाय जातात," तो सरळच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून गोठ्याच्या कडेला तीन दगडांची वेगळी चूल मांडली गेली. सकाळी चंद्रभान भांडं ठेवून निघून जायचा, कडूबाई नळी उकळायची. रंग बघायची आणि नळी त्याच्या वाटेवरच्या कोनाड्यात उभी करून ठेवायची. शब्द नाही. निळा असला की दोन भाकरी आणि वर वाटीभर दूध. हिरवा असला की दीड भाकर, दूध नाही. नारिंगी निघाला त्या दिवशी नुसती मेथीची भाजी आणि ताक. चंद्रभान नळीकडं बघायचा, ताटाकडं बघायचा आणि म्हशीला आईबहिणीवरून शिव्या घालायचा.

गावाला तर आयतंच कोलीत मिळालं. नवऱ्याचं पाणी चुलीवर ठेवणारी बाई म्हणून पाणवठ्यावर बाया खुसुखुसु हसायच्या. चंद्रभानला पारावर विचारायचे, "काय मालक, आज कोणता रंग?" तो जळफळायचा. मुताचा रंग बघून बायको भाकरी मोजते, हे दुखणं त्याला साखरेपेक्षा जास्त लागलं. पण माणूस धरून राहिला. अंगावर थोडं मांस चढलं, तहान कमी झाली. निळे दिवस वाढले.

आणि कडूबाईचं काय? ती त्याला जगवत होती हे खरं. पण त्याच्या पुढचा गूळ उचलताना तिला बरं वाटायचं, हेही तितकंच खरं. सणावाराला घरात पुरण शिजायचं, गड्यामाणसांना वाढलं जायचं आणि चंद्रभानच्या ताटात भाकर पडायची. त्याचं तोंड उतरलेलं बघून तिच्या पोटात थंडावा यायचा. ते पथ्य होतं का सूड, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नाही. दोन्ही एकाच ताटात वाढता येत होतं तोवर विचारायची गरजही नव्हती.

नव्वदच्या संक्रांतीच्या तोंडावर बाजाराच्या गावाहून आलेली भोंगा लावलेली जीप फिरून गेली. तिथल्या शाळेत शिबिर आहे, पुण्याहून नवं यंत्र येणार आहे, सुई नाही, रक्त नाही, नुसत्या उजेडानं साखर तपासून मिळेल. चंद्रभान पारावरून उठून घरी आला तो जवळजवळ पळतच. "म्हशे," तो म्हणाला, "आता कळंल कोण खरं आन् कोण खोटं."

शिबिराच्या आदल्याच दिवशी शेताला काट्यांची कुपाटी घालताना त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात बाभळीचा काटा मोडला होता. आपल्याकडं काटा मोडला की बिब्बा. कडूबाईनं दाभणाला बिब्बा टोचला, दिव्यावर धरला, तेल सुटल्यावर दाभण पुढं केलं. चंद्रभाननं दात खाऊन बोटाला चटका घेतला. दाभण चालतं, सुई चालत नाही! सकाळपर्यंत ते बोट टोकापासून पेरापर्यंत काळंठिक्कर पडलं होतं. बिब्ब्याचा डाग कातडी गळून पडल्याशिवाय जात नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

शिबिराला कडूबाईपण गाडीत बसून गेली. कुणी बोलावलं नव्हतं. चार-पाच वर्षं तिनं उकळलेल्या नळीचा तिथं निवाडा होणार होता, म्हणून गेली. शाळेच्या एका वर्गात खिडक्यांना पोती लावून अंधार केला होता. मेजावर एक लाकडी खोकं, त्याला काळ्या कापडाची बाही शिवलेली. बाहीतून हात घालायचा आणि आत चिमट्यात बोट ठेवायचं. चिमट्याच्या एका अंगानं लाल उजेड आणि दुसऱ्या अंगाला तो मोजणारी काच. बोटातून, रक्तातून पार होऊन किती उजेड पलीकडं पोचला, त्यावरून वरचा काटा हलायचा. काटा जेवढा पुढं जाईल तेवढी साखर.

यंत्र घेऊन आलेला रंगनाथ नावाचा तरुण इंजिनियर होता. यंत्र त्यानं स्वतः जुळवलं होतं आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसांची बोटं तपासत हिंडत होता. माणूस लबाड नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. तो प्रत्येकाला म्हणत होता, "हे अजून परीक्षेत आहे. आकडा काही येवो, रक्त तपासून ताडून बघा. औषध बंद करू नका." पण हे तो हळू आवाजात म्हणत होता आणि बाहेर भोंगा बोंबलत होता. लोकांनी कुणाचं ऐकलं असेल ते काय सांगायला पाहिजे?

बायांना समजावं म्हणून त्यानं बॅटरीच्या तोंडावर स्वतःचं बोट धरून दाखवलं. अंधारात बोट आतून लालभडक झालं. बाया "अगं माय!" म्हणून मागं सरल्या. मग तो प्रत्येकीला विचारायला लागला, मेंदी लावलीय का, मिश्री लावता का? मेंदीवालीला परत पाठवायचा, मिश्रीवालीला दुसऱ्या हाताचं बोट द्यायला लावायचा. एका म्हातारीनं कारण विचारलं. तो म्हणाला, "आजी, बोट काळं असलं की उजेड आतच अडकतो. काटा हलत नाही. मग साखर असून नाही असं दिसतं." म्हातारीच्या मागंच कडूबाई उभी होती. तिनं शब्दन् शब्द ऐकला. चंद्रभान त्या वेळी दाराबाहेर तंबाखूची पिंक टाकत होता.

त्याची पाळी आली. रंगनाथनं विचारलं, "मेंदी, मिश्री काही?"

"मी काय बाई हाय का?" चंद्रभान म्हणाला.

सगळा वर्ग हसला. रंगनाथही हसला आणि पुढचं विचारायचं राहून गेलं. बिब्बा पुण्याच्या माणसाला कशाला आठवतोय? आणि चंद्रभानच्या लेखी बिब्बा म्हणजे औषध, तो काय नटण्याचा जिन्नस नव्हे. उजवा हात काळ्या बाहीत शिरला, कोपरापर्यंत गेला. आता ते बोट कुणालाच दिसत नव्हतं.

कडूबाईला दिसत होतं. तिनंच ते दाभण दिव्यावर धरलं होतं. बोलायचं तर आताच बोलायचं होतं, "त्या बोटाला बिब्बा हाय." नवऱ्याशी बोलायचीही गरज नव्हती, रंगनाथला सांगितलं असतं तरी भागलं असतं. शब्द दातांपर्यंत आले. तेवढ्यात चंद्रभाननं वर्गाकडं तोंड केलं. "आमच्या घरी मुताची भट्टी लावलीय," तो मोठ्यांदा म्हणाला, "आज ती इझती का बगू." परत हशा पिकला. पाणवठ्यावरच्या सगळ्या बाया तिथं होत्या आणि सगळ्या तिच्याकडं वळून बघायला लागल्या. कडूबाईनं दात आवळले.

काटा जागचा हलला म्हणायलाही नको. रंगनाथ म्हणाला, "साखर ठीक दिसते. तरी काका, रक्त एकदा तपासून घ्या." "घेतो की," म्हणत चंद्रभान बाहेर पडला तो "सुई नाही, रक्त नाही" म्हणून बोंबलणाऱ्या भोंग्याच्या पुढं जाऊन उभा राहिला.

घरी येताच त्यानं कोनाड्यातली नळी उचलली आणि गोठ्याच्या भिंतीवर आपटली. बाटलीतलं निळं औषध उकिरड्यावर ओतलं, वर गोळ्या फेकल्या. मग पारावर जाऊन बसला. "चार वर्सं बायकोनं उपाशी मारलं मला," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "उजेडानं सोडीवलं." हे शब्द कडूबाईच्या कानावर यायला फार वेळ लागला नाही. तिच्या अंगाची आग झाली. इतकी वर्षं धुरात डोळे फोडून नळी उकळली ती काय मारायला? ठीक आहे, ती मनाशी म्हणाली, आता उपाशी नाही मारत.

संक्रांतीला तिनं गुळाच्या पोळ्या केल्या आणि त्याच्या ताटात थप्पी लावली. वर तुपाची धार धरली ती तो म्हशीला "बास" म्हणेपर्यंत. पुढं रसाचे दिवस आले, गुऱ्हाळाचा गूळ आला, होळीचं पुरण आलं, आंबे आले. त्यानं म्हशीला सांगायचं आणि हिनं वाढायचं. हात कधी आखडला नाही. शेजारची चतुराबाई गावभर म्हणायची, "बोलत न्हाई खरं, पन बगा कसं खाऊ घालायलीय. असं सोन्यासारखं माणूस मिळत न्हाई." सोन्यासारखं! विष घातलं असतं तर निदान लोकांनी तिचं तोंड तरी काळं केलं असतं. गूळ घालून माणूस संपवणाऱ्या बाईची गाव आरती करत होतं.

उन्हाळ्यात त्याची तहान परत आली. रांजण दिवसाकाठी दोनदा भरावा लागायचा. तळपायांना मुंग्या येतात, असं तो म्हशीला सांगायला लागला. आणि एका सकाळी गोठ्यामागं पुन्हा मुंगळ्यांची रांग दिसली. कडूबाई बराच वेळ तिथं उभी राहिली. तिला भीती वाटली, हे खरं सांगायला पाहिजे. येडबा समोरच मेंढरं सोडत होता. नुसती हाक मारायची होती. ती घरात गेली, चुलीतली राख घमेल्यात भरून आणली आणि त्या जागेवर पसरली. मग रोजच पसरायला लागली. कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती, वास येतो.

पोळ्याच्या सुमाराला चंद्रभाननं बाजारातून नव्या वहाणा आणल्या. उजव्या वहाणेत एक चूक, बारीक खिळा, वर आली होती. ती दिवसभर पायात रुतत राहिली आणि त्याला पत्ता नाही. कळलं ते येडबाला, तेही वासानं. "मालक," तो म्हणाला, "मेंढराच्या खुरात किडे पडल्यावर येतो तसला वास यायलाय तुमच्या पायाला." वहाण काढली तर अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलेलं, खाली पू. परभणीला नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याखालून पाय कापला.

दवाखान्यात म्हैस नव्हती. शुद्धीवर आल्यावर चंद्रभान थेट बायकोकडं बघून म्हणाला, "पानी दे." बारा वर्षांत तिला उद्देशून आलेले हे त्याचे पहिले शब्द. तिनं पाणी पाजलं, बोलली नाही. डॉक्टर तपासायला आला तेव्हा ओरडला, इतके महिने साखर बघितली नाही का कुणी? चंद्रभान म्हणाला, "मशिनीनं ठीक सांगितलं व्हतं साहेब. आता तिला कामून बोलता? तिनं काई कमी केलं न्हाई. मी मागंल ते घातलं माऊलीनं." कडूबाई उठून व्हरांड्यात गेली आणि भिंतीला टेकून बसली. तिला त्याच्या शिव्या ऐकायची सवय होती. हे ऐकायची नव्हती.

घरी आणल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ती डोईवर पदर घेऊन निघाली आणि बौद्धवाड्यात गेली. या वाटेनं ती पूर्वी कधी आली नव्हती. सरजाबाईचं घर आता पत्र्याचं होतं. ती दारात बसून सुपात ज्वारी निवडत होती. केस पांढरे झाले होते, हात मात्र खुरपणीच्या वेळी चालायचे तसेच भरभर चालत होते.

"या कडूआक्का," ती म्हणाली. उठली नाही.

कडूबाई उभ्यानंच बोलायला लागली. पहिल्यांदा शब्द अडले, मग सुटले ते थांबेनात. दाभण, बिब्बा, काळी बाही, मुंगळे, राख, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मला ठाव व्हतं सरजे. मी बोलले न्हाई. तुझं घर जळालं त्या दिवसापासून मी त्या माणसाशी बोलले न्हाई. तुझ्यासाठी केलं मी हे."

सरजाबाईचे हात सुपात थांबले. कडूबाईला वाटलं, आता ही रडेल, किंवा जवळ घेईल. एका गावच्या लेकी शेवटी.

"माझ्यासाठी?" सरजाबाई म्हणाली. "कडे, तुला पंचनामा आठवतो का? पोलीस तुझ्या दारात उभे व्हते. रॉकेल कुठून आलं म्हून इचारत व्हते. मी समोर निंबाखाली उभी व्हते, कडंवर पोरगं घेऊन. तू माझ्याकडं बघितलंस. आन् म्हणलीस, आमच्या घरात ह्या महिन्यात रॉकेलच आलं न्हाई."

कडूबाईला आठवत होतं. न आठवण्यासाठी तिनं बारा वर्षं घालवली होती.

"तवा एक सबूद बोलली अस्तीस तर माझ्या कामाला आला अस्ता. नवऱ्याशी बोलली न्हाईस तू! मला काय करायचं त्याचं? मी काय तुमच्या घरात कोन कुनाशी बोलतं ते ऐकायला बसले व्हते? हे पत्रे चढवले तवा आलीस का? माझा मालक त्याच हिवाळ्यात गेला, तवा आलीस का? आज आलीस, ते बी पाय कापून माझ्या पदरात टाकायला."

"सरजे..."

"त्याचं आन् माझं भांडण हाय, आन् ते सरलेलं न्हाई. पन मी ते तोंडानं भांडते. औरंगाबादेपत्तुर मोर्च्याला जाते, घसा फोडून मागते. गूळ चारून मागत न्हाई. तुझा राग तुझा हाय, कडे. त्याला माझ्या घराचं नाव लावू नको." तिनं सूप उचललं आणि खडे बाहेर झटकले. "जा आता. बोलायचं असंल तर तिकडं जाऊन बोल, ज्याला सांगायचं त्याला."

कडूबाई परत निघाली. वाटेत चतुराबाई भेटली, मालकाची तब्येत विचारायला लागली, आणि कडूबाई तिच्या अंगावरून उत्तर न देता पुढं गेली. अंग पेटलं होतं. सरजावर संताप, नवऱ्यावर संताप, त्या इंजिनियरवरसुद्धा संताप, की त्यानं बाहीत हात घालण्याआधी बोट का बघितलं नाही. घरापर्यंत पोचेतो एकेक जण गळत गेला आणि संताप करायला तिची तीच उरली.

चंद्रभान ओसरीवर बाजेवर बसला होता, तुटका पाय उशीवर ठेवून. तिला बघून म्हणाला, "आलीस? च्या कर थोडा."

ती त्याच्या पुढं उभी राहिली. "त्या दिवशी तुमच्या बोटाला बिब्बा व्हता," ती म्हणाली. "काळ्या बोटातून उजेड जात न्हाई म्हून तो साहेब माझ्यासमोर सांगत व्हता. मशीन खोटं बोलायलंय हे मला तितंच कळालं. मुंगळे बी दिसले. मी राख टाकली."

तिचा आवाज त्याला ओळखूच आला नाही जणू. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं. बोट केव्हाच स्वच्छ झालं होतं. ती वाट बघत होती की आता हा काठी फेकून मारेल, शिवी देईल, निदान त्या रॉकेलच्या डब्याचं नाव काढेल. त्यानं त्यातलं काहीच केलं नाही.

"समद्या गावात," तो म्हणाला, "तू एकटीच माझी हायेस असं मला दवाखान्यात वाटायलं व्हतं."

ती आत गेली. बिनसाखरेचा चहा केला आणि बाजेशी आणून ठेवला. त्यानं कपाला हात लावला नाही. दुपारी भाकर आणून ठेवली, तीही तशीच राहिली. संध्याकाळी त्यानं येडबाला हाक मारली आणि सांगितलं, उद्यापासून तुझ्या बायकोला, केवळाबाईला, दोन भाकरी जास्तीच्या टाकायला सांग. येडबाच्या घरून मळेवाल्याला जेवण येतंय हे बघून गाव चक्रावलं, कारण मात्र दोघांपैकी कुणी सांगितलं नाही. चंद्रभान पुढं चार वर्षं जगला. बायको समोर आली की काय हवं नको ते नीट बोलायचा, पण तिच्या हातचं पाणीदेखील प्यायचा नाही. कडूबाई सकाळी उठून चूल पेटवायची आणि एकटीपुरती भाकर करून घ्यायची.